सुपातलं लेकरू

अमडापुरात माझ्याकडे एक लाकडी पेटी होती. गावातल्या दोन वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं एक कार्ड तिच्यात असे. कार्ड इंग्रजीत छापलेलं. जन्म, वजन, दूध आईचं की वरचं, आधीची मुलं किती, त्यातली हयात किती, आणि शेवटी शेऱ्यासाठी बोटभर जागा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमच्या वरिष्ठ बाई नागपुरात बसत आणि वर्षातून एकदा येऊन ती पेटी तपासत.

घरोघर जाऊन नव्या आयांना मूल सांभाळायला मदत करणं हे माझं काम. त्यातल्या बऱ्याच आया पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. मी बावीस वर्षांची, लग्न न झालेली, मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी पुस्तकी होतं, आणि मुळात मला बोलायचीच भीती वाटे. दारात उभी राहून "आहे का कोणी घरात?" म्हणण्याआधी मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून घेत असे.

बायका माझ्याशी चांगलं बोलत, पण खरं बोलत नसत. माझ्यासमोर पाणी उकळायला ठेवत आणि मी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत चुलीवरून उतरवत. हे मला गावची दाई सांगे. ती साठीची होती. तिला आमच्या खात्यानं तीन आठवडे शिकवून कात्री, साबण आणि दोऱ्याची एक पत्र्याची पेटी दिली होती. ती पेटी तिनं देव्हाऱ्यात ठेवली होती आणि बाळंतपणाला निघताना तिला नमस्कार करून उचलत असे. निदान पेटी स्वच्छ राहते, म्हणून मी काही म्हटलं नाही.

गावाच्या कडेला, ओढ्याजवळ, एक भाजीवाल्याचं घर होतं. वांगी, मिरची, लसूण, आणि पलीकडच्या तुकड्यात कापूस. घरात सासू, तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि धाड गावाहून आणलेली सोळा वर्षांची सून. सुनेच्या होणाऱ्या बाळाचं कार्ड मी ती सात महिन्यांची गरोदर असताना भरलं होतं. आधीची मुलं: दोन. हयात: शून्य. पहिला नवव्या दिवशी गेला, दुसरा चौथ्या महिन्यात. दुसऱ्याच्या मृत्यूचं कारण विचारलं तेव्हा सुनेनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "ताप." मी लिहिलं, ताप.

तिसराही मुलगाच झाला, भाद्रपदात. बाळंतपण दाईनं केलं, सुखरूप. बाराव्या दिवशी सकाळी मी त्याचं वजन करायला निघाले. खांद्याला पिशवी, पिशवीत ताणकाटा आणि वजनाची झोळी. त्या घराकडे मागच्या बाजूनं गेलं की आधी त्यांचा उकिरडा लागतो. मी वळले आणि पाहिलं तर शेणाच्या आणि केराच्या ढिगावर एक कोरं सूप, आणि सुपात चिंधीवर ते बाळ. आजूबाजूला कोणी नाही. चार पावलांवर एक काळा कुत्रा उभा राहून त्याच्याकडे बघत होता.

मी त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी तशी धावले नाही. पिशवी कुठे पडली ते कळलं नाही. घोट्यापर्यंत शेणात पाय गेले. बाळाला उचलून मी छातीशी धरलं, आणि त्याच क्षणी भिंतीमागून एक बाई किंचाळली, "आवं माय! उचल्लं व त्या बाईनं!"

भिंतीआड सात-आठ बायका होत्या. सगळ्या पुढे आल्या. सगळ्यांच्या पुढे सासू.

"तुमाले कोनं सांगतलं होतं उचलाले?"

"तो... कचऱ्यावर होता," मी म्हणाले. "कुत्रा होता तिथे."

"कुत्रा राखनीले होता. आमचाच हाये तो."

तेवढ्यात पलीकडून दाई धापा टाकत आली. तिच्या गालात तंबाखूचा बार होता. तो घ्यायला ती शेजारी थांबली होती, आणि तेवढ्यानंच सगळा घोटाळा झाला होता. तिनं माझ्या हातातल्या मुलाकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. ज्या घरी मुलं जगत नाहीत तिथे नवं मूल उकिरड्यावर टाकतात. नको असलेलं, फेकलेलं, म्हणून मुलांवर टपलेलं जे काही असेल ते त्याच्याकडे वळून पाहत नाही. मग परकी बाई येऊन ते उचलते. मूल तिचं होतं. घरची माणसं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून ते घेतात आणि परक्याचं म्हणून वाढवतात. उचलायला दाई ठरली होती. तिची सात मुलं, सातही जिवंत, म्हणून तिचा हात निवडला होता.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी भाषन देल्लं असतं," दाई म्हणाली.

"आता काय करता?" सासू बायकांना विचारत होती. "ठेवा वापस, दाई उचलन."

"एकदा उचल्लं तं उचल्लं," एक म्हातारी म्हणाली. "दोनदा फेकत असते काय कोनी?"

"लगीन व्हायच्या आधीच पोट्टं झालं बाईले," मागून एक तरुण आवाज आला, आणि बायका पदरात हसल्या. माझे कान तापले. सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाळंतीण म्हणून तिनं समोर यायचं नव्हतं. ती हसत नव्हती. मी बाळाचं डोकं कसं धरलंय, एवढंच ती पाहत होती.

शेवटी सासूनं पदरातून मूठभर कोंडा काढला, माझ्या हातावर ओतला आणि बाळ घेतलं. "आता हे तुमचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि त्याहून जास्त भीती. "आमी निसते पोसनारे."

तो कोंडा कुठे टाकावा मला कळेना. मी तो घरापर्यंत मुठीत आणला आणि कापसाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवला. बाळाचं नाव त्यांनी उकिरड्यावरूनच ठेवलं. ते इथे लिहीत नाही, आता तो शाळेत जायच्या वयाचा झाला असेल.

त्या दिवसानंतर गावातल्या बायका मला पाहिलं की म्हणत, "काय म्हनते तुमचं पोट्टं?" मी मान खाली घालून पुढे जाई. पण कार्डावरचं वजन पहिले दोन महिने बरं चढलं.

मार्गशीर्षात कापसाची वेचणी जोरात आली आणि वजन थांबलं. पुढच्या आठवड्यात चार औंस उतरलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी पाच. सासू म्हणाली, "मोठं शहानं पोट्टं. दिवसभर निजते, कुरकूर नाही." मी झोळीत त्याला उचललं तेव्हाही तो जागा झाला नाही. मी त्याची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी होती.

नागपूरच्या शिक्षणात एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला असं एक मूल दाखवलं होतं. मला काय आहे ते कळलं. अमडापूरच्या बाजारात अफूचं दुकान होतं, सरकारी परवान्याचं, पाटी लावलेलं. वेचणीच्या दिवसांत बायका तिथून वाटाणाभर अफू नेत, तिच्या बारीक गोळ्या करत, आणि सकाळी एक गोळी दुधात उगाळून मुलाला चाटवत. मूल बांधावर निजून राही आणि आईचे दोन्ही हात मोकळे राहत. परवाना देणारं सरकार आणि मला पगार देणारं सरकार एकच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या शेतात गेले. सासू दूरच्या ओळीत होती. सून कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती आणि बाभळीच्या फांदीला बाळाची झोळी टांगलेली होती. मी काही विचारायच्या आधीच ती हळू आवाजात बोलायला लागली. हात वेचतच होते.

"दूध भरून येते, बाई. पदर वला होते. पन हा उठतच नाही."

मी तिच्या शेजारच्या झाडाची बोंडं उगाच चाचपत राहिले.

"दुसराबी असाच निजे," ती म्हणाली. "मंग एक दिवस उठलाच नाही. आत्याबाईनं सांगतलं, ताप म्हनजो. मी म्हनलं, ताप." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "हाबी जाईन काय व बाई?"

"गोळी द्यायची नाही," मी म्हणाले. "आजपासून अजिबात नाही."

"मी सांगतलं म्हनू नका."

"नाही म्हणणार."

परत येताना मला फार धीट झाल्यासारखं वाटलं. एवढं ठाम मी त्या गावात कोणाला काही सांगितलं नव्हतं. सासूशी बोलणं मात्र मी उद्यावर ढकललं, आणि उद्या आल्यावर परवावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाई माझ्या दारात आली. आज तिच्या गालात तंबाखू नव्हती. "चला," ती म्हणाली. "तुमचं पोट्टं कालपासून रडून राह्यलं. आता तं आवाजबी गेला त्याचा."

घर बायकांनी भरलं होतं. बाळ सासूच्या मांडीवर होतं. पाय पोटाशी ओढलेले, अंग घामानं ओलं, लंगोट हिरव्या पाण्यानं भरलेला. ते शिंकत होतं, जांभया देत होतं आणि मधेच तोंड उघडून रडत होतं, पण आवाज कागद फाटल्यासारखा येत होता. टाळू आत गेली होती. मी ते पाहिलं आणि माझ्या वहीचं एक पान मला जसंच्या तसं दिसलं. माझ्याच अक्षरात, इंग्रजीत, खाली दोन रेघा ओढलेलं: अफूची सवय लागलेल्या मुलाची अफू एकदम कधीही तोडू नये. परीक्षेत मला या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले होते.

सून कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. सासू तिच्यावर ओरडत होती. "गोळ्या फेकल्या हिनं! रोज तिच्या हातात देल्ली मी, अन हे कापसात फेकत होती. कोनं शिकवलं तुले? बोल! कोनं?"

सुनेनं माझं नाव घेतलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळलं नसतं, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. बाळ रडत होतं. मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. सासूनं कमरेची डबी काढली होती. तिच्या बोटांत तीन गोळ्या होत्या आणि ती त्या एकत्र वळत होती. "तीन दिवसाची एकदम देतो. निजन तरी."

"नका देऊ, मावशी. तेवढी दिली तर तो उठणार नाही."

"अन नाही देल्ली तं? असाच मरू देऊ? दोन पुरले मी या हातानं."

"थोडी द्यायची," मी म्हणाले. "अगदी थोडी. मी देते."

सासू माझ्याकडे वळली. "परवा म्हने द्याचीच नाही. आज म्हने थोडी द्याची. तुमचं पुस्तक रोज बदलते काय व बाई?"

दोघी-तिघी हसल्या. तिचं बरोबर होतं. तिनं वळलेली गोळी उगाळायला वाटी पुढे ओढली. मी जे बोलले ते मी आधी मनात म्हणून घेतलेलं नव्हतं.

"तो माझा आहे," मी म्हणाले. "मी उचललाय त्याला."

सासूचा हात थांबला. मागे कोणीतरी "हाव व बाप्पा" असं पुटपुटलं. सासू उठली, दोन पावलं चालून माझ्यासमोर आली आणि तिनं बाळ माझ्या हातांत ठेवलं.

"मंग घेऊन जा," ती म्हणाली. "वाचला तं तुमचा. मेला तंबी तुमचाच."

"त्याची आई पण हवी. दूध..."

"थे नाही येत. कापूस कोन वेचन? तुमी?"

बाजारगल्लीतून माझ्या दोन खोल्यांपर्यंत मी ते रडणारं मूल घेऊन चालत गेले. दुकानांतले लोक उठून बघत होते. दाई माझी पिशवी घेऊन मागे होती. दारात पोचल्यावर तिनं विचारलं, "बाई, पन थोडी द्याची म्हनता, तं अफू कुठी हाये आपल्याजवळ?"

मला ते सुचलंच नव्हतं. अफूच्या दुकानात मी जाणार होते का, आणि तिथे काय म्हणणार होते?

दाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि कमरेची गाठ सोडून एक लहानशी डबी काढली. "गुडघ्यापायी घेतो मी," ती म्हणाली. "नागपूरले लिहू नका."

वही उघडून मी दोनदा वाचलं. एक गोळी उकळलेल्या पाण्यात विरघळवून औंसाच्या बाटलीत भरली. पाणी चहाच्या रंगाचं झालं. थेंब मोजून मी त्याच्या तोंडात सोडले. मग एक हात त्याच्या छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळावर त्याचे श्वास मोजत बसले. पाव तासानं शिंका थांबल्या. पाय सैल झाले. मी मोजतच राहिले, कारण आता मला उलट भीती होती. त्याचे श्वास मंदावले की माझा थांबे. दाई चमच्यानं साखरेचं पाणी पाजत होती. चिखलीच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहिली आणि बाजाराला आलेल्या एका गाडीवाल्याबरोबर पाठवली. उत्तर यायला दोन दिवस तरी लागणार होते.

दिवेलागणीला दारात कोणीतरी खाकरलं. सुनेचा नवरा होता, आणि त्याच्यामागे ती, हातात गाठोडं घेऊन. ती त्याच्या बाजूनं सरळ आत आली आणि बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तो बाहेरच उभा.

"मायले सांगू नका मी आनलं म्हनून," तो म्हणाला. "थे आपल्या मनानंच गेली, असं सांगतो मी."

"मग सगळी बोलणी तिला बसतील," मी म्हणाले.

त्यानं हा विचार केला नव्हता असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. आतून चुटचुट असा आवाज यायला लागला. बाळ पीत होतं. त्यानं तो आवाज ऐकला.

"मंग मीच आनलं म्हना," तो म्हणाला. "तिची ओळ मी वेचतो."

आणि त्यानं वेचली. वेचणी बायकांचं काम. धोतराची ओटी करून तो बायकांच्या रांगेत उतरला, आणि बायकांनी त्याला सोडलं नाही. "काऊन बे, लुगडं नाही भेटलं काय घरी?" असं त्याला दिवसभर ऐकावं लागे, हे मला दाईनं हसत हसत सांगितलं. तो संध्याकाळी यायचा, दारात बसायचा आणि विचारायचा, "पेला?" बाळ दूध प्यायलं का, एवढंच. बोंडांच्या टोकांनी त्याची बोटं फाटली होती.

बाटलीतून जेवढं काढत होते तेवढं उकळलेलं पाणी मी तिच्यात परत घालत होते. त्यामुळे बाटली कायम भरलेली, पण तिचा रंग रोज थोडा उतरे. डॉक्टरांचं उत्तर आलं ते एका ओळीचं: हेच चालू ठेवा. कार्डाच्या शेऱ्याच्या जागेत मी इंग्रजीत लिहिलं: अफू मी दिली. लिहिताना नागपूरच्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्या ओळीबद्दल पुढे माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला आणि मी तो दिला.

चौथा दिवस सगळ्यात वाईट होता. सकाळपासून बाळ रडत होतं, घेतलं तर पाठ कमानीसारखी मागे टाकत होतं. दुपारी माझा धीर सुटला. मी बाटली उचलली. चार थेंब जास्त दिले तर काय होणार आहे, असं मी मोठ्यानं म्हणाले असेन, कारण सुनेनं माझं मनगट धरलं. तिनं मला तोवर कधी हात लावला नव्हता.

"नका, बाई," ती म्हणाली. "रडू द्या. रडते म्हंजे हाये."

मी बाटली कोनाड्यात ठेवली. आम्ही आळीपाळीनं त्याला घेऊन त्या दोन खोल्यांत फेऱ्या मारल्या. तिन्हीसांजेला तो थकून तिच्या अंगाला लागला आणि पीत राहिला.

सासू रोज यायची. आत यायची नाही. डोक्यावर वांग्यांची टोपली असायची. "बाजारात चालली होती," ती म्हणे, आणि बाजाराचा दिवस नसायचा. सुनेशी बोलायची नाही. माझ्याकडे बघून विचारायची, "काय म्हनते तुमचं पोट्टं?" आणि नजर कोनाड्यातल्या बाटलीवर. एकदा म्हणाली, "औषध लय पातळ झालं." मी हो म्हटलं. जाताना चार वांगी उंबऱ्यावर राहून जात.

बाराव्या दिवशी ती टोपलीशिवाय आली. काखेत सूप होतं, सुपात कोंडा. पहिल्यांदाच आत आली आणि माझ्यासमोर बसली. दाईही होती. बाळ सुनेच्या मांडीवर जागं होतं आणि सुपाकडे बघत होतं.

"आता द्या," सासू म्हणाली. "पोसतो आमी."

"कोंड्यावर नाही देणार," मी म्हणाले.

तिच्या भुवया वर गेल्या. "मंग काय पाह्यजे?"

मी तिच्या कमरेकडे बोट दाखवलं. डबी तिथेच होती.

"अन वावरात दुपारी रडलं तं?" ती म्हणाली. "ओळ अर्धी सोडून उठाव काय हिनं? तुमी येता झुलवाले?" मग तिनं कोनाड्याकडे पाहिलं. "तुमची थे बाटली द्या. त्यानं निजते तं त्यानं निजवू."

दाईनं बाटली तिच्या हातात दिली. सासूनं ती उजेडात धरली, हलवली, बूच काढून वास घेतला. तळहातावर थोडं ओतून जिभेनं चाटलं.

"हे तं पानी हाये."

"चार दिवसांपासून पाणीच आहे, मावशी."

"मंग हा कशानं निजते?"

"पोट भरते त्याचं, आत्याबाई," सून म्हणाली. सासूच्या प्रश्नाला तिनं मान वर करून उत्तर दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "भरलं का निजते. भूक लागली का उठते."

सासूनं बूच बाटलीला लावायचा प्रयत्न केला. ते नीट बसेना. तिनं बाटली जमिनीवर ठेवली. बाळानं हात लांब करून सुपाची कड धरली.

"थो दुसरा," ती शेवटी म्हणाली. "थोबी..." आणि माझ्याकडे पाहिलं.

पेटी माझ्या मागेच होती. कार्डावर ताप लिहिलेलं होतं. सून बाळाच्या केसांवरून हात फिरवत होती आणि तो हात आता थांबला होता. ती दोघींपैकी कोणाकडेच बघत नव्हती.

"मी त्याला पाहिलं नव्हतं," मी म्हणाले. "मला सांगता येणार नाही." हे खरं होतं. पुरतं खरं नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांनाच कळलं.

सासूनं मान हलवली. कमरेची गाठ सोडली, डबी काढली आणि सुपातल्या कोंड्यावर ठेवली. सूप माझ्याकडे सरकवलं. "घ्या. भाव तुमीच लावला." मग लगेच, आवाज चढवून, सुनेकडे न बघता, "दुपारी दोनदा उठाचं अन पाजाचं. ओळ राह्यली तं थो नवरा हायेच वेचाले. त्याले सवय झाली आता."

दाई तोंडाला पदर लावून हसली. मी सूप बाजूला घेतलं. बाळ द्यायला सून उठली, तशी सासूनं हात वर केला.

"थांब. आधी काट्यावर घाला त्याले. मले पाहू द्या."

मी खुंटीला काटा टांगला, झोळी लावली आणि बाळाला आत ठेवलं. दर वेळी मी काट्याची पाटी माझ्याकडे ठेवत असे, कार्डावर उतरवायला. या वेळी ती तिच्याकडे फिरवली. तिला आकडे वाचता येत नव्हते. ती पुढे सरकून काट्याच्या अगदी जवळ आली.

"कुठी पाह्यजे होता?" तिनं विचारलं.

मी त्याच्या वयाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"अन हाये कुठी?"

मी काटा दाखवला. बाळ झोळीत पाय मारत होतं, त्यामुळे तो थरथरत होता. दोन खुणांत बरंच अंतर होतं. सासूनं स्वतःची दोन बोटं एकाला एक लावून मधल्या जागेत ठेवून पाहिली. ती बरोबर बसली. तिच्या नखांत वांग्याच्या काट्यांचे काळे ठिपके होते.

"येवढंच ना," ती म्हणाली, आणि बोटं तिथेच ठेवून काटा स्थिर व्हायची वाट पाहत राहिली.